डोळे बांधून बसवलेला कॉम्प्युटर

माझ्या मावशीला आपला धाकटा भाऊ घरी यायला हवा असायचा, आणि तो यायचा फक्त तिचा कॉम्प्युटर बिघडला की. गोष्ट एवढीच आहे. पण दोघंही इतकी हट्टी, की ती सांगायला मला जरा वेळ लागणार आहे.

आमच्या आजोळच्या माणसांना एक खोड आहे. काम असल्याशिवाय कोणी कोणाच्या दारात उभं राहत नाही. सहज म्हणून जाणं म्हणजे समोरच्याचा वेळ खाणं, असं यांना कोणी शिकवलं देव जाणे. मी मावशीच्या वरच्याच मजल्यावर राहते, तरी खाली जाताना हातात काहीतरी निमित्त लागतं. घरात धडधडीत कात्री असताना मी तिची कात्री मागून आणली आहे. मामा तर या बाबतीत सगळ्यांवर ताण. रेल्वेने दिवसभराच्या अंतरावर तो एकटा राहतो, एका कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळतो, आणि ख्यालीखुशालीचा फोन केला तर त्याला घाम फुटतो.

मावशीला लहानपणीच्या एका तापानंतर दिसेनासं झालं. शाळेची पुस्तकं तिला मामा वाचून दाखवायचा. तो तिच्याहून बराच लहान. स्वतःला जेमतेम जोडाक्षरं येत होती तेव्हापासून तिच्या इतिहासाचे धडे वाचायला बसे, आणि लढाई आली की पदरची दोनचारशे माणसं जास्त मारी. मावशीने परीक्षेत तेच आकडे सांगितले आणि मार्क घालवले. अजून ती हे सांगताना हसून बेजार होते. पुढे तिने हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर नोकरी केली. बोर्ड गेला तेव्हा तिथल्याच एक्स-रे विभागाने तिला टायपिंगचं काम दिलं. डॉक्टर फिल्म बघत बघत रिपोर्ट तोंडी बोलून ठेवतात, मावशी तो घरी ऐकून टाइप करते. डाव्या कानात डॉक्टर, उजव्या कानात कॉम्प्युटर आणि पायाखाली एक पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलतो, सोडलं की गप्प बसतो. इतकं ऐकणारा डॉक्टर हॉस्पिटलात कधी भेटला नाही, असं ती म्हणते.

उजव्या कानातला तो आवाज मामाने आणला. पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणारा प्रोग्राम त्याने तिच्या कॉम्प्युटरवर बसवला, चार दिवस राहून तिला एकेक कळ शिकवली, आणि निघताना कौतुकाने म्हणाला, "झालं, ताई. आता तुला वाचायला माझी गरज नाही." आवाज म्हणजे निव्वळ पत्र्याचा डबा. पण कितीही भरभर बोलायला लावला तरी शब्द स्वच्छ उमटायचा आणि मावशीला तेच हवं होतं. तिने त्या आवाजाचं तोंडभरून कौतुक केलं. मग मामा गेला आणि ती दोन दिवस काही न करता खिडकीशी बसून होती, तेही मी पाहिलं.

मामा लिनक्सवाला. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी मूळ यंत्रणा. जगभरातली माणसं मिळून ती बनवतात आणि फुकट वाटतात. त्याबद्दल मला आदरच आहे. पण मामा वापरायचा त्या लिनक्सची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती निघायची, आणि जुनी थोड्याच दिवसांत वाऱ्यावर सोडली जायची. नवी आली की मामाच्या अंगात यायचं. आपल्या गावी बसल्या बसल्या तो मावशीच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचा आणि ती चढवायचा. मग तिचा पडदा आपल्या पडद्यावर नीट न्याहाळून फोन करायचा, "सगळं छान दिसतंय, ताई."

दिसायचं सगळं. ऐकू काही यायचं नाही. मामाची चूक ही, की ज्या बाईला दिसत नाही तिचा कॉम्प्युटर तो डोळ्यांनी तपासायचा. एका आवृत्तीत आवाज स्पीकरऐवजी मॉनिटरच्या तारेत जाऊ लागला. मॉनिटरला स्पीकर नव्हताच, त्यामुळे कॉम्प्युटर आतल्या आत बोलत राहिला आणि मावशी इकडे त्याला हाका मारत बसली. पुढच्या आवृत्तीत सुरुवातीचा पासवर्ड मागणारा पडदाच मुका झाला. तिसऱ्या खेपेला पेडल दाबलं की डॉक्टर बोलायच्या ऐवजी टाइप करत असलेला रिपोर्टच बंद व्हायचा. एकदा तर जुना आवाज काढून ती यंत्रणा बनवणाऱ्यांनी नवा घातला. तो फार गोड होता. जरा वेग वाढवला की तोंडात साखर धरून बोलल्यासारखा बोबडा व्हायचा.

मावशी बोलायची ते ऐकण्यासारखं असायचं. "माझ्या घरात खुर्ची वीतभर सरकली तर माझं नडगीचं हाड मला सांगतं. म्हणून मी कोणाला काही हलवू देत नाही. आणि हा वर्षातून दोनदा माझं अख्खं घर उलटंपालटं करतो, वर विचारतो, छान झालंय ना?"

मुक्या कॉम्प्युटरला फोनवरून काही करता यायचं नाही. मला मामा फोनवर सांगायचा, अमुक ठिकाणी जा, तमुक लिही, पण माझं आणि त्या यंत्राचं जमत नाही, आणि खरं सांगायचं तर मी फारसा जीवही ओतायची नाही. मग मामा यायचा. फाटकाची कडी वाजली की मावशी उठायची नाही, आहे तिथूनच म्हणायची, "आला का यंत्र मारणारा?" तिचा चेहरा मात्र इतका उजळलेला असायचा की मला दुसरीकडे बघावं लागे.

पुन्हा सगळं नव्याने चढवायला तासन्तास लागायचे, आणि तेच तास मावशीचे. ती पलंगावर, तो टेबलापाशी. मधूनच ती विचारायची, "किती झालं?" तो सांगायचा, "चाळीस टक्के." तेवढ्या वेळात आजीचं बोलणं निघायचं, शाळा निघायची, मेलेली मांजर निघायची. कधी हाताशी वर्तमानपत्र असलं तर मामा पूर्वीसारखं मोठ्याने वाचायचा, आणि मावशी डोळे मिटून ऐकायची. तिला डोळे मिटायची काय गरज, असं मी एकदा विचारलं. "सुख झालं की मिटतात गं," ती म्हणाली. शंभर टक्के झाले की मामा आणखी एक दिवस राहायचा, काही राहिलं नाही ना बघायला. मग बॅग उचलायचा आणि घर एकदम रिकामं व्हायचं.

असं काही वर्षं चाललं. मग एका आवृत्तीने घात केला. हॉस्पिटलात कसली तरी तपासणी मोहीम होती, रिपोर्टांचा ढीग पडला होता, आणि नेमका त्याच आठवड्यात मामाने नवं चढवलं. या वेळी आवाज नाही, पेडल नाही, काहीच नाही. मामाला रजा मिळून तो येईपर्यंत आठवडा गेला. एक्स-रे विभागाच्या बाई स्वभावाने चांगल्या, पण त्यांचाही नाइलाज झाला. त्या फोनवर म्हणाल्या, "तुमचं मशीन फार आजारी पडतं हो." अर्धं काम दुसऱ्या टायपिस्टकडे गेलं आणि ते परत आलं नाही.

मावशी रडली नाही. मामा आल्यावर तिने त्याची नेहमीची थट्टाही केली नाही. "मला आता नवं काही नको," ती म्हणाली. "जे माझ्या आधी मरणार नाही असं काहीतरी बसव आणि हात लावू नकोस."

मामाने बॅग कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाला, "एक लांब पल्ल्याची आवृत्ती असते. पाच वर्षं तिच्यात फक्त सुरक्षेची भोकं बुजवतात, बाकी काही हलवत नाहीत."

"मग ती आधीच का नाही बसवलीस?" मी विचारलं. मला राग आला होता आणि मी तो लपवलाही नाही. मामा टेबलाखाली वाकून पेडलची वायर तपासू लागला. वायरीला काही झालेलं नव्हतं.

त्या खेपेला मात्र त्याने काम वेगळ्याच तऱ्हेने केलं. सगळं बसवून झाल्यावर मावशीचा पंचा घेतला, डोळ्यांवर घट्ट बांधला आणि कॉम्प्युटर बंद करून पहिल्यापासून सुरू केला. पासवर्ड टाकला. फाइल उघडली, पेडल दाबलं, रिपोर्ट टाइप केला, पाठवला. चुकला की कपाळावर हात मारून घ्यायचा आणि परत पहिल्यापासून. जुना पत्र्याचा आवाज त्याने कुठून तरी शोधून परत घातला होता. मावशी शेजारी बसून त्याला कळा सांगत होती. दिवसभर दोघांचं हेच चाललं होतं, आणि संध्याकाळी पंचा सोडला तेव्हा मामाचे डोळे लाल झाले होते. पंचा घट्ट होता, असं तो म्हणाला.

तो गेला आणि कॉम्प्युटर चालू लागला. रोज सकाळी बटण दाबलं की बोलायचा, पेडल दाबलं की डॉक्टर बोलायचा. वसंत आला, गेला. सहा महिन्यांची कुठलीतरी नवी आवृत्ती जगात आली, गेली. मावशीच्या खोलीत काहीही हललं नाही. हॉस्पिटलच्या बाई म्हणाल्या, आता तुमचं काम कसं घड्याळासारखं झालंय. मावशी हो म्हणाली.

महिन्यातून एकदा मामाचा फोन यायचा. "बोलतोय का?" "बोलतोय." "पेडल?" "चालतंय." "बरं मग." आणि खाली. मावशी फोन हातात धरून बसायची. फाटकाची कडी वाजली की तिची बोटं टाइप करता करता थांबायची. पोस्टमन असायचा, दूधवाला असायचा, बहुतेक वेळा मीच असायची. माझी पावलं ओळखून ती पुन्हा कामाला लागायची. मला वाईट वाटायचं, पण मी तिच्यावर रागावू कशी? मी मामा नव्हते एवढंच.

अशी दोन वर्षं गेली. एका दुपारी मी कात्री परत करायला खाली गेले तर मावशी कीबोर्डवर हात ठेवून नुसती बसली होती. "ऐक," ती म्हणाली आणि एक कळ दाबली. डब्यातला आवाज भराभर बोलून गेला. मला काही कळलं नाही.

"लांब पल्ल्याचीच पुढची आवृत्ती आली म्हणतोय," मावशीने सांगितलं. "आता चढवायची का, असं विचारतोय. हो म्हटलं की झालं."

तिचं बोट त्या कळीवर होतं. तिच्या मनात काय चाललंय ते मला आरशासारखं दिसत होतं. एक कळ, आणि उद्या काहीतरी मुकं होणार. मुकं झालं की फाटक वाजणार. मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले.

"दाब की," मी म्हणाले. "मी कोणाला सांगणार नाही."

मावशीने बोट उचललं. "डोळे बांधून बसवलंय गं त्याने," ती म्हणाली. "ते मी मोडू?"

मग तिने फोन घेतला आणि मामाला लावला. फोन ती नेहमीच स्पीकरवर ठेवून बोलते. एरवी फोन मामाच करायचा, म्हणून तो घाबरलाच.

"काय झालं? आवाज गेला?"

"नाही. बोलतोय."

"पेडल गेलं?"

"चालतंय सगळं. काही बिघडलेलं नाही. तू ये."

पलीकडे कारखान्याच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. "काही बिघडलं नाही, तर मी येऊन करू काय, ताई?"

"ते मला काय माहीत," मावशी म्हणाली. "मला तुझी फार आठवण येते. कामात लक्ष लागत नाही. दोन वर्षं झाली रे."

मला वाटलं फोन कटला. मग मामाचा आवाज आला, पण त्याचा नेहमीचा नाही, फार खालचा. "ताई, ती लांब पल्ल्याची होतीच. पहिल्यापासून होती. मला माहीत होतं."

मावशीने फोन टेबलावर ठेवला.

"मी मुद्दाम काही बिघडवलं नाही कधी, शप्पथ. पण नवं चढवलं की काही ना काही अडणार, एवढं कळायचं मला. अडलं की तू बोलावणार. तुझा फोन यायच्या आधी माझी बॅग भरलेली असायची."

माझं डोकं असं तापलं की मी फोन ओढून घेणार होते. मावशीने माझं मनगट धरून मला बसवलं.

"माझं अर्धं काम गेलं त्यात," ती म्हणाली.

"हो."

"हॉस्पिटलच्या बाईंसमोर किती लाज वाटली मला."

"हो, ताई." आणि जरा थांबून, "रागावलीस?"

"रागावू नको तर काय करू? खूप रागावले आहे." तिने डोळे मिटले होते. "उद्याची गाडी पकड. जे काय बोलायचं ते मी तुला समोर बसवून बोलणार आहे."