मेलेल्या झाडांची माती

पडेगावच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्यानं मला फसवलं. मेलेल्या झाडांची माती त्यानं मला चांगली म्हणून दिली आणि माझ्या बायकोचे सातही जरबेरा त्या मातीत गेले. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढं कुणी मलाच शहाणपण शिकवायला नको.

मी फसणाऱ्यांतला नाही. कन्नडजवळच्या गावातून या शहरात आलो तेव्हा अंगावरचे कपडे सोडले तर जवळ काही नव्हतं. हातगाडीवर भंगार गोळा केलं, मग दुकान टाकलं, मग घर बांधलं. समोरच्यानं भाव सांगितला आणि मी तो मुकाट्यानं दिला, असं कधी झालं नाही. बायकोला याची लाज वाटायची. नर्सरीत जायचं असलं की मी तिला स्कूटरवरून सोडायचो, पण ती मला फाटकाबाहेरच थांबवायची.

जरबेरा तिचे होते. अंगणात भिंतीच्या कडेला सात कुंड्या. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. ती झाडांच्या दोन बादल्या वेगळ्या झाकून ठेवायची आणि सकाळी तांब्यानं कुंडीच्या कडेकडेनं थोडं थोडं घालायची. फूल काढताना कात्री लावायची नाही. देठ बुडाशी धरून हलकं पिरगाळायची.

"एवढे लाड तर लेकरांचे बी केले नव्हते," मी म्हणायचो.

"लेकरं मागून घेत्यात," ती म्हणायची. "हे मागत नाय."

शेवटी शेवटी तिला खाटेवरून उठवत नव्हतं. खिडकीतून कुंड्या दिसायच्या. एका दुपारी ती म्हणाली, "अहो, मी गेल्यावर ह्यांचं तेवढं बघा. आणि एक ध्यानात ठेवा..."

तेवढ्यात माझा फोन वाजला. एका बंद कारखान्यातल्या जुन्या बॉयलरचा सौदा चालला होता. मी बोलत बोलत बाहेर गेलो. परत आलो तेव्हा तिला झोप लागली होती. नंतर विचारू म्हटलं. नंतर ती नीट बोललीच नाही.

ती गेल्यावर महिनाभर मी कुंड्यांकडं बघितलं नाही. बघितलं तेव्हा पावसावर झाडं तगली होती, पण माती खाली बसली होती आणि पानं जिथून फुटतात तो जाड गाभा उघडा पडला होता. मी आलं लावणाऱ्या घरातला. आमच्याकडं पिकाच्या बुडाशी माती चढवतात, भर लावतात. गड्डा उघडा दिसला की वडील म्हणायचे, ह्या शेताला मालक नाय. मला लाज वाटली. तिची झाडं बिनमालकाची दिसत होती.

मी नर्सरीत गेलो. त्यानं मला ओळखलं.

"काकू येत न्हाईत आजकाल?"

"तू माती दाखव," मी म्हणालो. "जरबेऱ्याला भर लावायचीय."

त्यानं भाव सांगितला. मी निम्म्यावर आणला. तो हसला. "काका, लाल माती हाय ही, तुमचं भंगार नाय."

मी निघाल्यासारखं केलं, फाटकापर्यंत गेलो, परत आलो. अर्धा तास घासाघीस झाली. शेवटी मी म्हणालो, खताची पिशवी घेतो, दोन पोती माती वर फुकट टाक. तो शेडच्या मागं गेला आणि भरलेली दोन पोती घेऊन आला.

"घ्या. मस्त भर लावा."

ती गेल्यापासून पहिल्यांदा त्या दिवशी मला बरं वाटलं, कारण मी जिंकलो होतो. पानांच्या देठापर्यंत माती चढवली, हातानं दाबली. नळाला पाणी आलं त्या दिवशी पाइप लावून कुंड्या तुडुंब भरल्या.

पंधरवड्यात पहिलं झाड मान टाकून बसलं. पान धरलं तर हातात आलं. खाली काळा, घाण वासाचा लगदा. मग दुसरं. मग रोज एक. मी कुंडी पालथी केली. मातीत दुसऱ्याच झाडांची कुजलेली मुळं होती, नर्सरीच्या फाटक्या काळ्या पिशव्यांचे तुकडे होते. आयुष्यभर भंगार पारखणाऱ्या माणसानं ती पोती उघडूनसुद्धा बघितली नव्हती.

शेवटचं झाड पिशवीत घालून मी त्याच्याकडं ओरडतच गेलो. गिऱ्हाईकं बघायला लागली. त्यानं झाड उलटंपालटं केलं.

"गाभा पुरला व्हय तुम्ही? तो कधी झाकायचा नसतो, काका. सडतो."

"तूच म्हणलास ना, भर लावा!"

"तुम्ही फुकट मागितली. फुकटात जी होती ती दिली." मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "काकूंना विचारायचं की. गाभा वर ठेवायचा, हे त्यांना मीच शिकवलं होतं. लई चांगल्या बाई. कधी भाव केला नाय."

मी झाड उचललं आणि आलो. तिला मला सांगायचं होतं ते ‘एक’ हेच असणार.

कुंड्या अजून भिंतीशीच आहेत. सकाळी सवयीनं तांब्या भरतो आणि तसाच बादलीत रिकामा करतो.

फुकट मागितलं, तो दोष माझा. फोन घेतला, तोही माझा. पण जरबेरा आहे हे मी त्याला सांगितलं होतं. झाडं कुणाची, हेही त्याला ठाऊक होतं. तिला शिकवलेलं ते एक वाक्य मला सांगायला त्याचं काय जात होतं? त्यानं याचा जाब द्यावा. माती फुकटची होती. झाडं तिची होती.