न चाखता केलेलं रसम

माझ्या सासूबाई स्वयंपाक करताना काहीही चाखत नाहीत. सांबार नाही, चटणी नाही, पायसम तर नाहीच. आधी नैवेद्य, मग माणसं. मधे कुणी जिभेवर थेंब ठेवला तर ते उष्टं, हा त्यांच्या आईचा, आजीचा आणि त्याआधीच्या सगळ्यांचा नियम. आणि तरी मीठ कधी कमी नाही की तिखट कधी जास्त नाही. विशालाक्षी अम्मांना मिठाचासुद्धा वास येतो, असं त्यांच्या माटुंग्याच्या गोतावळ्यात छातीठोकपणे सांगतात. मी पुण्याचा, त्यातून इंजिनियर. माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण जेवताना मी वाद घालत नाही.

अप्पा, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर अम्मा आमच्याकडे नेदरलँड्सला, उइटहॉर्न गावात राहायला आल्या. सुती साडी, वर लोकरीचा स्वेटर, पायात जाड मोजे. जन्म माटुंग्याचा, त्यामुळे घरात तमिळ असली तरी मराठी फर्डी. मला 'अहो सौमित्र' म्हणतात आणि चिडल्या की 'जावईबापू'. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. इथल्या थंडीत इडलीचं पीठ फुगेना, तर पातेल्याला शाल गुंडाळून ते माळ्यावर हीटिंगच्या बॉयलरशेजारी नेऊन ठेवलं. सांबाराचा मसाला दर वेळी ताजा: धने, मिरच्या, चणाडाळ, मेथी खोबरेल तेलात भाजायची आणि ओल्या खोबऱ्याबरोबर वाटायची. विकतचा मसाला त्यांच्या लेखी सिगारेटच्या पाकिटाइतकाच वाईट.

म्हणूनच फेब्रुवारीत मला धक्का बसला. एका रविवारी सांबार कडू झालं. कडू म्हणजे कडूजहर. आमच्या बारा वर्षांच्या संहिताला पाट्टीच्या, म्हणजे आजीच्या, हातचं सगळंच 'लेकर' (डचमध्ये चविष्ट) लागतं, पण तीही गुपचूप पाण्याचे घोट घेत बसली. अम्मांनी आपल्या पानातलं सगळं संपवलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी घरून काम करत होतो. इथे कचरा वेगवेगळा करावा लागतो आणि त्या बाबतीत मी घरातला हवालदार आहे. भाजीच्या सालांच्या डब्यात मला प्लास्टिकचा कोपरा दिसला. ओढून काढलं, तर तयार सांबार मसाल्याचं रिकामं पाकीट. केळ्याच्या सालांखाली नीट दडवलेलं.

मी ते टेबलावर ठेवलं आणि मोठ्या थाटात विचारलं, "अम्मा, हे काय?"

वाटलं होतं, आता 'जावईबापू' ऐकायला मिळणार. अम्मांनी गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसल्या.

"वास येत नाही हो मला," त्या म्हणाल्या. "जानेवारीतला ताप गेला, तो वास घेऊन गेला. कॉफीचा नाही, हिंगाचा नाही. उदबत्ती पेटलीय हे डोळ्यांनी बघते. त्या दिवशी मेथी करपली, तेव्हा मी शेजारीच उभी होते."

माझं हसू जागच्या जागी विरलं. आमच्या घरात हिंगाचा वास खुंटीवरच्या कोटांना येतो. तो अम्मांना येत नव्हता.

माझ्या बायकोने, श्रुतीने, त्यांना हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेलं. डॉक्टरीणबाई भल्या होत्या. येईल परत, कदाचित नाहीही येणार, वाट बघा, म्हणाल्या. घरी आल्यावर श्रुती म्हणाली, "अगं, मग चाखून बघत जा ना. खारट-आंबट तर कळतंय तुझ्या जिभेला. देव काही रागावणार नाही."

"देव नाही रागावणार," अम्मा म्हणाल्या. "पण मग मला नैवेद्य दाखवल्यासारखं वाटणार नाही. इतकी वर्षं एवढं एकच पाळलंय मी."

हळूहळू अम्मांनी हात आखडता घेतला. दहीभात, उपमा, कधी नुसता टोस्ट. मार्चमध्ये आमचा पाडवा झाला. एप्रिलच्या मध्यावर त्यांचा पाडवा, वर्षप्पिरप्पु. त्या दिवसाचं जेवण ठरलेलं: कडुनिंबाचा मोहोर घातलेली कैरीची गोड पच्चडी, वडे, पायसम, सांबार, मिरीचं रसम. एका संध्याकाळी अम्मा सहज म्हणाव्यात तसं म्हणाल्या, "श्रुती, यंदा ॲमस्टेलवेनच्या त्या केटररला सांगून टाक."

श्रुती उठून बाहेर गेली आणि सायकलला कुलूप लावलंय का, हे बघत बराच वेळ उभी राहिली. मलाही फार वाईट वाटलं. श्रुती कधी आईच्या हाताखाली उभी राहिली नव्हती. अभ्यास, नोकरी, मग हा देश. यंदा केटरर म्हणजे पुढच्या वर्षीही केटरर, आणि मग या घरात हे जेवण कसं करतात ते कुणालाच ठाऊक राहणार नव्हतं.

"अम्मा, मी हुंगतो," मी म्हणालो. "तुम्ही करा. काय हुंगायचं ते सांगा."

अम्मांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "तुम्हाला नासलेलं दूध कळत नाही."

"मग शिकवा."

दर शनिवारी शिकवणी सुरू झाली. कढईत धने पडायचे, मी वाकायचो.

"कसा येतोय?"

"छान."

"छान हा काय वास आहे? कच्चा, भाजलेला, की करपायला आलेला?"

धन्यांचा वास आधी ओल्या गवतासारखा येतो आणि मग एकदम संत्र्याच्या सालीकडे वळतो, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं. मेथीचा वास छान आला म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो. सगळ्यांत अवघड चिंचेचं पाणी. ते उकळताना एक कच्चट वास येत असतो आणि एका क्षणी तो नसतो. आता नसलेला वास ओळखायचा कसा? मी दोनदा मसाला जाळला, धुराचा अलार्म कोकलला, संहिताने टॉवेलने वारा घालून तो गप्प केला. दारात हाताची घडी घालून बघणारी श्रुती तिसऱ्या शनिवारी आत आली आणि कढईवर वाकून तिनेही हुंगलं.

वर्षप्पिरप्पुला मी रजा टाकली. कारण 'कौटुंबिक' लिहिलं. घरी नाक हवंय, असं कसं लिहिणार? कैरी तोकोमधून आली, म्हणजे इथल्या सुरिनामी दुकानातून. मोहोर माटुंग्याहून आणलेल्या बरणीतला. वडे श्रुतीकडे होते. रसमाशी आम्ही दोघं.

"कच्चा वास गेला?"

"नाही. थांबा. ... गेला!"

अम्मांनी डाळीचं पाणी ओतलं, मिरी-जिरं टाकलं. मग मीठ. मुठीतून सोडलं आणि माझ्याकडे बघितलं. आता आली का पंचाईत! मी जीव तोडून हुंगलं. काहीच नाही. हो म्हणून मोकळा झालो असतो, पण त्या डोळ्यांपुढे खोटं बोलवेना.

"अम्मा, मला मिठाचा वास नाही येत."

"मलाही कधी आला नाही," अम्मा शांतपणे म्हणाल्या. "मिठाला कुठे वास असतो हो? हाताला कळतं ते. लोक म्हणायचे, मी म्हणू दिलं."

मग त्या तुपाच्या फोडणीकडे वळल्या. मोहरी, कढीपत्ता, चर्र झालं आणि वाफेचा लोट उठला. सवयीने अम्मा पातेल्यावर वाकल्या, डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मग तशाच वाकून राहिल्या.

"कसा येतोय?" त्यांनी विचारलं. "माझं रसम आहे का ते?"

छान म्हणायची सोय नव्हती. मी म्हणालो, "अम्मा, श्रुतीला मागणी घालायला मी तुमच्याकडे आलो होतो ना, तेव्हा अप्पांनी फोनवर येऊ नका म्हणून बजावलं होतं. तुमच्या अर्ध्या जिन्यातून परत फिरलो होतो मी. तेवढ्यात तुमच्या दारातून वास आला. सपाटून भूक लागली. म्हटलं, ज्यांच्या घरी असं शिजतं ती माणसं फार तर ओरडतील. म्हणून बेल वाजवली. तोच वास आहे हा. अगदी तोच."

अम्मांनी पदराने डोळे टिपले.

"त्या दिवशी मी घाबरले होते," त्या म्हणाल्या. "मिरी जास्त पडली होती. म्हणजे आजही पडलीय."

त्यांनी पातेलं उचलून देवापुढे नेलं, नैवेद्य दाखवला आणि आम्हाला पानं घ्यायला सांगितलं. मिरी खरंच जास्त पडली होती. पहिल्याच घोटाला श्रुतीला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिने वाटी तोंडापासून काढली नाही. संपली तशी, खोकत खोकतच, तिने ती पुन्हा आईपुढे धरली.