गोठ्यातला रेडिओ आणि माझं गणित

रेडिओ मी वैरणीत लपवला होता.

पहाटेचे पाच वाजले होते. शेण काढून झालं होतं, म्हशीची पेंड भिजवली होती, चुलीवर पाणी चढवलं होतं. आता तासभर माझा. मी स्वयंपाकघरात गणिताचं पुस्तक उघडून बसले.

मी आठवीत शाळा सोडली. वाचन मात्र सोडलं नाही. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय टाकला नाही कधी. पन्नाशीला आल्यावर बाहेरून दहावीला बसायचं ठरवलं. फॉर्म आमच्या मालकांनी, म्हणजे यांनीच, आणला.

बाकीचे विषय जमत होते. गणित जमत नव्हतं.

आणि बरोबर त्याच तासाला हे गोठ्यात रेडिओ लावायचे. मोठ्यानं. कारण आमची गौरी (नाव गौरी, रंग काळाकुट्ट) गाणं ऐकल्याशिवाय दूध सोडायची नाही. गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यात एकच भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली.

"अहो, बारीक करा की. माझं गणित हाय."

"आणि हिचं दूध हाय. सहाला मला कागलच्या कारखान्यात शिफ्टला निघायचं हाय. बोल, काय करू?"

म्हणून त्या पहाटे रेडिओ वैरणीत गेला.

"अगं, रेडिओ कुठं गेला?"

"मला काय म्हाईत?"

गौरीनं पान्हा चोरला. कासेत दूध असून थेंब सोडेना. यांनी गोंजारलं, पेंड पुढं सरकवली. काही नाही.

मी भिंतीआडून डोकावले. वैरणीतून रेडिओची एरियल हातभर बाहेर आली होती. यांनी ती बघितली. मग माझ्याकडं बघितलं.

चरवी गुडघ्यात धरली आणि सुरू झाले, "नमस्कार. हे गोठा केंद्र हाय. आजचं पहिलं गाणं, खास गौराबाईंच्या आग्रहावरनं..."

यांना एकाही गाण्याचे शब्द यायचे नाहीत. नुसती चाल. तीही मधे कुठंतरी दुसऱ्याच गाण्यात शिरायची.

गौरीनं कान हलवला. चरवीत धार वाजली.

मी इतकी हसले की मांडलेलं समीकरण चुकलं.

"बघ, हिला चालतंय. तू ऐकू नगंस, तू अभ्यास कर."

त्या दिवसापासून रेडिओ फळीवर गेला तो गेलाच. हे गौरीच्या कुशीला कपाळ टेकवून हळू गुणगुणायचे. माझ्यापर्यंत आवाज येऊ नये म्हणून.

यायचा.

रेडिओपेक्षा जास्त घोटाळा त्यानं केला. मी पेन थांबवून ऐकत बसायची. आज कुठलं आहे, कुठं घसरतंय. यांना हे कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तेही बंद केलं असतं.

महिन्यापूर्वी शिफ्टवरून येताना यांच्या छातीत कळ आली, आणि हे गेले.

घरात ठरलं, महिनाभर रेडिओ-टीव्ही बंद. दुःखाच्या घरात गाणं वाजवायचं नाही. आमच्यात तशी रीतच आहे.

तेरावं झाल्यावर करमेना म्हणून मी पहाटे पुस्तक उघडलं. सगळ्यांना वाटेल, त्या शांततेत माझं लक्ष लागलं नसेल.

लागलं. चांगलं लागलं. दहा गणितं सोडवली, दहाही बरोबर आली.

तेच टोचलं. हे गेले म्हणून मला शांतता मिळाली, आणि त्या शांततेच्या जोरावर मी पास व्हायचं? पुस्तक मिटलं. शाळेतून निरोप आला, हॉल तिकीट न्यायला या. मी गेले नाही.

इकडं धार काढायचं काम माझ्या धाकट्या जावेकडं, मालनकडं आलं होतं. गौरी तिला दाद देईना. मागच्या आठवड्यात एका पहाटे मालन तळाला जेमतेम दूध असलेली चरवी घेऊन दारात उभी राहिली.

"आक्का, माझं हात मोडलं. ही काय मला जावबाई मानत न्हाई. तूच बस की एकदा."

मी बसले. कास धुतली, कुशीला कपाळ टेकवलं. हे टेकवायचे तिथंच.

गौरी दगडासारखी उभी.

रीत मला माहीत होती. महिना व्हायचा होता. तरी मी गुणगुणायला लागले. अगदी हळू.

आणि मला सगळं येत होतं. एक झाली की दुसरी चाल. कुठं लांबवायची, कुठं दुसऱ्याच गाण्यात शिरायचं, तेसुद्धा. यांच्या चुकांसकट पाठ.

गौरीनं कान हलवला. चरवीत धार वाजली.

मालन खांबाला धरून उभी होती. डोळ्याला पदर लावून म्हणाली, "आक्का, दादांचंच की गं हे. तुला कवा आलं?"

म्हटलं, "अभ्यास केलाय."

बोलून गेले आणि मलाच कळलं. हे जाण्याआधीचे तीन महिने पहाटेचा तो तास मी दोन विषय शिकत होते. एकाचा मास्तर गेला म्हणून दुसराही सोडायचा, असं यांनी कधीच म्हटलं नसतं.

आज यांना जाऊन महिना झाला. घरातले म्हणतात, आता रेडिओ लावायला हरकत नाही. मी फळीवरून काढलेला नाही. गौरीचं भागतंय.

अहो, शिफ्टला निघताना तुम्ही "येतो गं" म्हणायचा आणि मी आतूनच "या" म्हणायची. त्या दिवशी पुस्तकात डोकं होतं, म्हणायचं राहिलं. आज म्हणते. या.

मालनला "अभ्यास केलाय" म्हटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी धार काढली, डेअरीत दूध घातलं, आणि शाळेत जाऊन हॉल तिकीट घेऊन आले.