१, २, ३ आणि शिंदे सर

शिंदे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. ‘अरेरे’ म्हणाले आणि पुढचा पेपर ओढला. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग त्यांच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी मला लिहायला सांगायचंच नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी उचगावहून सायकलने कोल्हापुरात त्यांच्या शाळेत यायची, आठवीत. वर्गाबाहेरच्या फळ्यावर सुविचाराखाली सर रोज एक कोडं घालायचे. सोडवेल त्याचं नाव तिथं दिवसभर राहायचं. त्या दिवशी लिहिलं होतं : १, २, ३ यांची बेरीजही सहा, गुणाकारही सहा; तशाच बेरीज आणि गुणाकार सारखा येणाऱ्या चार संख्या शोधा. मला १, १, २, ४ सापडल्या. मग पाच सापडल्या, सहा सापडल्या, आणि मधल्या सुट्टीत डबा न उघडता युक्तीच हाती लागली... जितक्या संख्या हव्यात तो आकडा घ्यायचा, जोडीला एक दोन, बाकी सगळे एक. पाच हव्यात तर ५, २, १, १, १. दोन्हीकडून दहा. शंभर मागा, तरी चुकत नाही.

“एक घालून जागा भरलीस व्हय?” सर म्हणाले. “ह्याला गणित म्हणत न्हाईत. बस खाली.” वर्ग हसला. फळ्यावर नाव लागलं ते नुसत्या चार संख्या आणणाऱ्या पाटीलचं.

पुढं मीही गणिताची शिक्षिका झाले. दहा-बारा वर्षांनी शिक्षकांच्या प्रशिक्षणाला सर व्याख्याते म्हणून आले आणि ‘मला सापडलेली एक गंमत’ म्हणून तीच युक्ती मांडली. टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत मी दिसले तेव्हा त्यांनी हसून मान हलवली आणि पुढचं लिहायला वळले. मी उठून बोलले नाही. त्याचा राग मला अजून येतो, निम्मा त्यांचा, निम्मा माझा.

परवा सरांच्या घरी भेटायला गेले. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण सरांच्या पत्नीने चहा दिला आणि राहवलं नाही. “काकू, ती एकांची युक्ती माझी होती.”

“म्हाईत हाय की मला,” काकू सहज म्हणाल्या. “तवाच घरी येऊन सांगितलंतं त्यांनी, उचगावची पोरगी माझ्या म्होरं गेली म्हणून. दोन दिस नीट जेवलं न्हाईत.”

इतकी वर्षं मी समजत होते, सरांना तेव्हा माझं उत्तर कळलंच नसेल, नंतर कुठून आलं तेही विसरले असतील... एवढी एक सवलत मी त्यांना दिली होती. त्यांच्याच घरात, त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून, मी ती परत घेतली.