पिवळ्या पाइनची जमीन

पिवळ्या पाइनला पाणी लागलं की काय होतं, हे सांगण्याचाच मला पगार मिळत होता. मोठ्या भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती आणि लाकडी घरांच्या चाचण्या करणाऱ्या योकोहामातल्या आमच्या प्रयोगशाळेत कामाला खंड नव्हता. अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या तुळया आम्ही यंत्रात घालून मोडेपर्यंत वाकवायचो. हे झाड सरळसोट वाढतं. लाकूड जड, राळेने भरलेलं, पिवळ्या अंगावर तपकिरी रेघा. कापलं की टर्पेंटाइनसारखा वास सुटतो आणि तो केसांतून जाता जात नाही. आपल्याकडे पाइन म्हटलं की सामानाची देवदारी खोकी आठवतात. हे लाकूड मात्र अख्खं घर पेलतं.

योकोहामातच टेकडीच्या पोटाशी मी भाड्याने घेतलेल्या घरात जमीनही याच पाइनच्या फळ्यांची होती. बाबा गेल्यावर आईला मी तिथे आणलं. पुण्यात आता तिचं आहे कोण, असं मी सगळ्यांना विचारत सुटले होते. शेजारणी, भजनी मंडळ, तिच्याशी हुज्जत घालणारा भाजीवाला, ही माणसं मी हिशेबात धरलीच नव्हती.

आईच्या खोलीची खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर डोंगराला घातलेली काँक्रीटची भिंत. स्टेशनपर्यंत पायऱ्याच पायऱ्या आणि तिचे गुडघे दुखायचे, त्यामुळे ती दिवसभर घरात. संध्याकाळी मी आले की ती पुण्याचा विषय काढायची आणि मी कचऱ्याचा; तिथे प्रत्येक प्रकारच्या कचऱ्याचा वार ठरलेला, म्हणून उद्या प्लास्टिकचा वार की जळणाऱ्या कचऱ्याचा. "सवय होईल" हे माझं ठरलेलं वाक्य. मी तरी कुठे मोकळी होते? माझा करार दर वर्षी नव्याने व्हायचा, आणि परत जावं तर माझ्या कामाची प्रयोगशाळा तिकडे नव्हती. आईला पाठवावं तर घरात मराठीत बोलायला माणूस नाही, ठेवून घ्यावं तर तिचा चेहरा बघवत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

दिवाळीच्या तोंडावर आईने घर धुवायला काढलं. पुसायला नव्हे, धुवायला. पुण्यात शहाबादी फरशी धुवायची तशी, बादल्या ओतून, ब्रशने खसाखसा. मी कामावर गेले की हे सुरू व्हायचं आणि मी यायच्या आत सगळं कोरडं. त्या घरात तिच्या हातात दुसरं होतंच काय? फळ्या एकमेकींना भिडवून, भिंतीशी फट न ठेवता बसवलेल्या होत्या. पाणी पिऊन त्या फुगल्या, आणि बाजूला सरकायला जागा नाही म्हणून वर उचलल्या. मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्या दिवशी तिने पॅसेज धुतला, खोलीचं सरकतं दार ओढून घेतलं आणि आडवी झाली. दुपारी लहानसा धक्का बसला. जमीन हलली की आधी दार उघडायचं, चौकट कलली तर माणूस आत अडकतो, हे इथे प्रत्येकाला शिकवतात. आईला मी शिकवलं होतं. ती धडपडत उठली, दार ओढलं, पण ते तसूभरही हललं नाही. फोन स्वयंपाकघरात होता. शेजाऱ्यांना हाक मारायची तर कोणत्या भाषेत?

मी आले तेव्हा अंधारून आलं होतं आणि घरात एकही दिवा नव्हता. दोन-तीन हाका मारल्यावर बंद दाराआडून तिचा आवाज आला आणि तिने घडलं ते सगळं सांगितलं. मी खाली हात फिरवून पाहिलं. फळ्यांनी दाराखालचा उंबरा उचलला होता आणि दार त्यावर गच्च बसलं होतं. मला आधी रागच आला. लाकडावर पाणी ओततं का कोणी, असं म्हणून मी तिच्यावर ओरडले. मग म्हटलं, जरा थांब, लाकूड वाळलं की दार आपोआप सुटेल.

"मलाही तू हेच सांगत असतेस," आई म्हणाली. "थांब, सवय होईल."

मी पटाशी आणि हातोडा आणला आणि पटाशीचं टोक उंबऱ्याच्या फटीत घातलं.

"इतक्यात उघडू नकोस," ती आतून म्हणाली. "उघडलंस की तू विषय बदलशील. आधी सांग, मला घरी पाठवशील?"

समोरासमोर मी हे कधीच बोलले नसते. दाराला कपाळ टेकवून म्हटलं, "तू गेलीस की मी इथे एकटी पडेन, आई."

"माहीत आहे मला. म्हणून तर आजवर स्पष्ट मागितलं नाही."

आत ती दाराला टेकून उभी असावी. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"पाठवते," मी म्हटलं. मग हातोडा उचलला, पण पहिला घाव घालायला मला बराच वेळ लागला.