दुसरा टॅग

हुडको कॉलनीतल्या आमच्या शेजारच्या काकांनी प्लांटमधून रिटायर झाल्यावर भंगारातून एक जुनी, बिनछताची स्पोर्ट्स कार आणली. अंगणात ते दिवसभर तिच्याशीच बोलत. "थांब, पायतो तुले," हे कार्बोरेटरला. माझ्या वाट्याला फक्त "पाना दे."

प्लांटच्या सवयीनं त्यांनी स्टीअरिंगला लाल टॅग बांधला होता: काम चालू आहे, चालवू नका. ज्यानं टॅग बांधला, त्यानंच तो सोडायचा, असा तिथला नियम.

गाडीला पिवळा रंग चढला, डॅशबोर्डवर काकूंच्या सुपारीच्या डबीसाठी खण झाला. मग काकांनी टॅग सोडला. काकूंनी त्याच जागी स्वतःचा बांधला.

"पयले मोतीबिंदू काढा," त्या म्हणाल्या, "मंग टॅग."

काका ऑपरेशनला घाबरत. पुढं काकू लग्नाला भंडाऱ्याला गेल्या. किल्ली काकांच्या खिशात होती आणि रस्ता मोकळा होता.

"काका, सोडून टाका ना," मी म्हणालो.

"तिनं बांधला," म्हणत त्यांनी टॅगवरची धूळ पुसली.

परवा ते एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून गाडीत बसले होते. टॅग तिथंच होता.

"आता टॅग कावून?" मी विचारलं.

"दुसरा डोया बाकी हाय."