बाईंनी शिकवलेला शेवट

लिमयेबाई कथा उभ्याने वाचत. नौपाड्यातल्या घरी ओट्याला टेकून, चष्मा कपाळावर सरकवून, कागद अगदी डोळ्यांजवळ धरून. एका दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा निवडण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं होतं. म्हणायच्या, "कथा म्हणजे दारात उभ्याने बोलणं गं. आत येऊन बसावं लागलं, की झाली कादंबरी."

मी ठाकुर्लीहून त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती कादंबरीच घेऊन. माझा धाकटा भाऊ नंदू कॉलेजात असताना खाडीवर पोहायला गेला, तो परत आला नाही. सापडलाही नाही. माझ्या कादंबरीत मात्र तो पलीकडच्या काठाला लागला होता, नागपूरला नोकरी करत होता, त्याचं लग्नही झालं होतं.

बाईंनी सगळी वाचली. मग म्हणाल्या, "भाषा चांगली आहे तुझी. पण ही संपणार कधी?"

"अजून बरंच लिहायचंय, बाई."

"असणारच. तो जाऊ नये म्हणून लिहितेयस तू. त्या एका दुपारची कथा लिही. कथेला थांबावं लागतं."

मला राग आला. कित्येक महिने मी तिकडे फिरकले नाही. मग एका रविवारी लिहायला बसले. आई पोळ्या लाटत होती. नंदूने टॉवेल खांद्यावर टाकला, "आलोच" म्हणाला. आईने त्याचं ताट वाढून झाकून ठेवलं. पुढे दारात आलेले पोलीस, आईचा आक्रोश, सगळं लिहिलं.

बाईंनी झाकलेल्या ताटाच्या वाक्यापुढचा सगळा मजकूर पेन्सिलीने खोडून टाकला. "एवढं पुरे," म्हणाल्या. परतताना रिक्षात मी नंदूसाठी पहिल्यांदा रडले.

पुढे बाईंना माणसांचा, दिवसांचा विसर पडू लागला. भाची त्यांचं सगळं करायची. शेवटचं भेटले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. "नंदू कसा आहे गं? नागपूरलाच असतो ना?"

कथा त्या विसरल्या होत्या. कादंबरी लक्षात होती.

"हो, बाई."

"मुलंबाळं?"

"मुलगी झाली."

"बरं झालं," म्हणाल्या आणि समाधानाने डोळे मिटले.

त्या महिन्यातच बाई गेल्या. मी आता कथाच लिहिते, वेळेवर थांबते. ती मुलगी मात्र थांबत नाही. यंदा ती शाळेत जायला लागली असेल.